ग्रामसभेत सांगितलेली मागणी पुढं जाते कुठं? एका मूल्यमापनाचा अनुभव

२०२२ च्या दिवाळीनंतर एका संस्थेचा फोन आला. मराठवाड्यातल्या दोन तालुक्यांत, २४ गावांत त्यांचा तीन वर्षांचा प्रकल्प संपत आला होता. विषय होता शेतीच्या नियोजनात आणि बजेटमध्ये शेतकऱ्यांचा सहभाग, आणि पैसे देणाऱ्यांना बाहेरच्या माणसाकडून मूल्यमापन हवं होतं. संस्थेचं, तालुक्याचं, गावांचं नाव इथं घेत नाही, लोकांना तसा शब्द दिलाय आणि त्या शब्दावरच ते मोकळं बोलले. मी शेतीचीच पदवी घेतलेली, माहेर त्याच भागातलं, त्यामुळं लगेच हो म्हणाले.

टीओआर, म्हणजे मूल्यमापनात काय तपासायचं ते ठरवणारा कागद, आला त्यात सहा निकष होते, ओईसीडी या देशांच्या संघटनेचे जे सगळीकडं वापरतात तेच, म्हणजे गरजेला धरून आहे का, बाकीच्या कामांशी मेळ बसतो का, ठरवलेलं साधलं का, पैसा नीट वापरला का, बदल काय झाला आणि टिकेल का. सोबत लॉगफ्रेम, म्हणजे प्रकल्पानं काय करायचं आणि ते कसं मोजायचं याचा तक्ता, आणि तीन वर्षांचे अहवाल. ते वाचताना एक गोष्ट सारखी खटकत होती. सगळे इंडिकेटर मोजणीचे. ग्रामसभेला किती शेतकरी आले, त्यात महिला किती, किती गावांचे शेती आराखडे तयार झाले, किती ट्रेनिंगं झाली. आणि सगळं १०० टक्के पूर्ण, २४ पैकी २४ गावांचे आराखडे तयार. पण त्या आराखड्यातल्या मागण्यांचं पुढं काय झालं, कुणाला पैसा मिळाला का, शिवारात काय दिसतंय, हे एका पानावर पण नव्हतं. म्हणून मी ठरवलं की सर्व्हे करायचा तो करू, एफजीडी, म्हणजे गटानं बसून चर्चा, पण करू, पण मुख्य काम मागणीचा माग काढायचं. आठ गावं घ्यायची आणि प्रत्येक गावात पहिल्या शिवारफेरीत लोक जे बोलले ती एकेक मागणी धरून चालायचं, बोलली कुणी, चार्टवर आली का, ठरावात आली का, ऑनलाइन आराखड्यात आली का, पैसे मंजूर झाले का, काम झालं का. जिथं धागा तुटला तिथं थांबून विचारायचं की इथं का तुटला.

संस्थेच्या कोऑर्डिनेटरला हे पटलं, तो चांगला मुलगा होता, पण गावं निवडताना तो म्हणाला मॅडम ही तीन गावं घ्याच, तिथं लोक छान बोलतात. मी म्हटलं एक तुझ्या पसंतीचं, बाकीची चिठ्ठ्या टाकून. हे सुरुवातीलाच स्पष्ट बोललेलं बरं असतं, नंतर वाईटपणा येत नाही.

डिसेंबरात जायचं ठरलं तर १८ डिसेंबरला ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या, राज्यभर साडेसात हजारांच्या वर ग्रामपंचायती होत्या, आमच्या आठपैकी पाच गावं त्यात. आचारसंहितेत ग्रामपंचायतीत बसून ठरावबुक उघडून बसणं बरोबर दिसलं नसतं, म्हणून काम जानेवारीवर ढकललं. तोटा असा झाला की नवीन सरपंचांना मागचं काही माहीत नाही आणि जुने म्हणतात आता आमचा काय संबंध. फायदा असा की जुने मोकळं बोलायला लागले.

पहिल्याच गावात सकाळी नऊला ग्रामपंचायतीत बसले. ग्रामसेवकांनी प्रोसिडिंग बुक दिलं, त्यांचे आभार, कारण द्यायला बरेच जण काचकूच करतात. २०२१ च्या शेवटी झालेल्या आराखड्याच्या ग्रामसभेला १०० च्या वर सह्या. आता ग्रामसभेचा कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते, त्यामुळं १०० चा आकडा दिसला की मी जरा थांबते. सह्यांचे अंगठ्यांचे नंबर धरून आम्ही वीस-बावीस घरी गेलो. एक आजी दारात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "पोरगं आलं होतं वही घेऊन, म्हनलं आजी अंगठा द्या, दिला. कशाचा ते त्येनं बी नाही सांगितलं अन् म्या बी नाही इचारलं." अजून काही घरांत हेच ऐकलं. पण त्याच गावात असे पण लोक भेटले की जे सभेला खरंच बसले होते आणि काय बोललं गेलं ते अजून पाठ सांगतात, म्हणून सगळंच खोटं असं लिहिणं पण अन्याय झाला असता. मी लिहिलं की सह्यांचा आकडा सहभागाचा पुरावा म्हणून धरता येणार नाही, आणि प्रत्यक्ष बसलेले किती याचा अंदाज लोकांच्या सांगण्यावरून वेगळा दिला.

आता मागण्यांचं सांगते, मूल्यमापनाचा खरा जीव तिथंच होता. त्या पहिल्या गावात शिवारफेरीच्या चार्टवर ११ मागण्या होत्या, संस्थेनं चार्ट जपून ठेवले होते ही त्यांची मोठी जमेची बाजू. ओढ्याचं खोलीकरण, दोन पाणंद रस्ते, शेतातली डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) सारखी जळते ती बदलून, सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासून द्या, माल वाळवायला आणि ठेवायला जागा, ताडपत्र्या, रानडुकरांचा बंदोबस्त, शेळ्यांना चारा, गावतळ्यातला गाळ आणि ओढ्यावर एक पाइप टाकून फरशी, म्हणजे ओढा ओलांडायला ठेंगणा पूल. ११ पैकी ठरावात आल्या आठ. ऑनलाइन आराखड्यात चार. पैसे आले दोनला. मी तो चार्ट आणि ठराव शेजारी शेजारी ठेवून बघत होते आणि जाणवत होतं की अकरातल्या ज्या तीन आधी गळाल्या त्या कुणाच्या होत्या. चारा, वाळवणाची जागा आणि बियाण्याची उगवण. तिन्ही बायकांनी सांगितलेल्या. चार्टवर त्यांच्यासमोर हिरव्या स्केचपेननं 'म' लिहिलेलं होतं.

कारण विचारलं तर कुणाचा वाईट हेतू नव्हता बरं का. ग्रामसेवक म्हणाले की ठराव लिहिताना ज्या कामाला अंदाजपत्रक होऊ शकतं तेच लिहितो, चाऱ्याचं काय एस्टिमेट करणार. आणि पुढं संगणक परिचालक, तो आपले सरकार सेवा केंद्रातला मुलगा, त्यानं दाखवलं की ऑनलाइन भरताना विषय निवडायचा, मग काम निवडायचं, यादीत जे आहे त्यातलंच निवडता येतं. यादीत बसलं नाही की तो दुसऱ्या दिवसावर टाकतो आणि मुदत संपते. त्याच्याकडं एकाच वेळी दाखले, पीकविमा, सगळंच असतं. म्हणजे अख्ख्या गावानं दोन दिवस शिवार फिरून ठरवलेली प्राथमिकता शेवटी एका खोलीत मुदतीच्या शेवटच्या रात्री ठरते, आणि त्या खोलीत शेतकरी नसतो. प्रकल्पानं तीन वर्षांत ग्रामसभेवर जीव तोडून काम केलं, या खोलीवर एक दिवस पण केलं नाही. माझ्या अहवालातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ होती असं मला आजही वाटतं.

दुसरं कारण पैशाचं. लोकांना हातात किती पैसा आहे हे सांगितलंच नव्हतं. तेव्हा ग्रामपंचायतीला केंद्राकडून १५ व्या वित्त आयोगाचा निधी यायचा त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि स्वच्छता यावरच, उरलेला ४० टक्के अबंधित, त्यातच रस्ते, शाळा, अंगणवाडी, आणि शेतीला उरलं तर. ७३ व्या घटनादुरुस्तीनं ११ व्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिले त्यात पहिलाच विषय शेती आहे, पण गावच्या हातात शेतीचा पैसा फार थोडा असतो. शेतीचा मोठा पैसा कृषी विभागाच्या योजनांतून येतो, थोडा जिल्हा परिषदेच्या सेसमधून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून, आणि मातीकाम, विहिरी, पाणंद वगैरे रोजगार हमीतून. तिन्ही वाटा वेगळ्या, तिन्हींची वेळापत्रकं वेगळी. प्रकल्पानं गावात एकच आराखडा केला आणि तो एकाच दारात नेऊन ठेवला.

मंडळ कृषी अधिकाऱ्यांकडं गेलो. मला वाटलं होतं दहा मिनिटं देतील, दीड तास बसले. ते म्हणाले, "मॅडम, गावाची यादी मला आवडते, पण मला हेड लागतो, म्हणजे पैसा कुठल्या योजनेतला ते. लक्षांक, म्हणजे टार्गेट, वरून येतो, योजनेप्रमाणं आणि प्रवर्गाप्रमाणं, ट्रॅक्टर इतके, स्प्रिंकलर इतके. शेतकरी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या पोर्टलवर, अर्ज करतो, नंबर लॉटरीत लागतो. गावानं आधी कुणाला द्यायचं ठरवलं तरी लॉटरी ते बघत नाही." मग त्यांनीच एक गोष्ट सांगितली ती मला फार उपयोगी पडली. म्हणाले तुमचे लोक माझ्याकडं मे महिन्यात येतात, खरिपाच्या तोंडावर, बियाण्याची ओढ असते तेव्हा. त्यावेळी वर्षाचं सगळं ठरून गेलेलं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला या, तेव्हा मी पण वर मागणी कळवू शकतो.

हे मी सगळ्या गावांत तपासलं आणि खरंच होतं. ग्रामपंचायतीचा आराखडा ऑक्टोबर ते जानेवारीत होतो, त्याच काळात सोयाबीनची काढणी, हरभऱ्याची पेरणी, कापूस वेचणी, ऊसतोडीला गेलेली घरं. शेतकऱ्याला बोलायला सवड मिळते ती एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा मार्चचं बजेट होऊन गेलेलं असतं. त्यात २०२० मध्ये कोरोनामुळं ग्रामसभा बंद, म्हणजे प्रकल्पाचं एक वर्ष तसंच गेलं, आणि मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपून प्रशासक आले. प्रकल्पात ठरलेलं होतं की शेतकरी गट आपल्या जिल्हा परिषद सदस्यासमोर मागण्या मांडतील, तर सदस्यच नाहीत. याचा दोष प्रकल्पाला देता येत नाही आणि मी दिला पण नाही, पण असं झालं तर कुठं जायचं याचा दुसरा रस्ता शोधायला पाहिजे होता एवढं लिहिलं.

महिलांशी बोलायचं तर वेळ चुकली. प्रकल्पाच्या टीमनं महिला सभा सकाळी अकराला घेतलेल्या, नियमानं ग्रामसभेआधी महिला सभा व्हायला पाहिजे म्हणून घेतलेल्या, पण त्या वेळी बाई रानात असते. मी फेब्रुवारीत त्या पहिल्या गावात गेले तेव्हा हरभरा काढणी चालू, एका मावशीनं सरळ सांगितलं, "ताई, आजचा रोज तुम्ही देता का?" मी म्हटलं नाही मावशी, मीच संध्याकाळी येते. रात्री आठला मारुतीच्या मंदिरासमोर पटांगणात बसलो, भाकरी-कालवण उरकून बाया आल्या, लेकरं मांडीवर, चाळीसेक जणी असतील.

तिथं मी हरभऱ्याचे दाणे वापरले. प्रत्येकीला २० दाणे दिले, जमिनीवर खडूनं गोल आखून त्यात चित्रं काढली, ओढा, रस्ता, डीपी, बियाणं, शेळी, ताडपत्री, गोदाम. म्हटलं हे दाणे म्हणजे गावाचे पैसे, कुठं किती घालायचे ते तुम्ही ठरवा, बोलू नका, फक्त ठेवा. आदल्या दिवशी पुरुषांबरोबर हेच केलं होतं, त्यांचे जास्त दाणे डीपीवर आणि ओढ्यावर गेले होते. बायांचे बियाण्यावर आणि शेळीवर जातील असा माझा अंदाज होता, गेले पण, पण एक गोल माझ्या डोक्यात नव्हता. भूमिहीन बायांनी, ज्यांच्या नावावर गुंठाभर रान नाही त्यांनी, सगळ्यात जास्त दाणे पाणंद रस्त्यावर ठेवले. मी विचारलं तुमचं तर त्या रस्त्यानं शेत नाही. त्यातली एक, तीस-बत्तीसची असेल, म्हणाली, "पावसाळ्यात मांडीएवढा चिखुल असतो, गाडी जात नाही, ट्रॅक्टर जात नाही, मग मालक म्हनतो वापसा झाल्यावर या. आठ-आठ दिस रोज बुडतो. शेत त्यांचं आसंल, वाट आमची हाय." मी ते शब्द तसेच्या तसे वहीत लिहून घेतले. संस्थेच्या अहवालात पाणंद हा 'शेतजमीनधारकांचा प्रश्न' म्हणून लिहिलेला होता, मी पण तसंच धरून चालले होते, ते मला त्या रात्री बदलावं लागलं.

आणि सातबाऱ्याचा मुद्दा. बहुतेक वैयक्तिक योजनांना सातबारा लागतो, आणि बाईच्या नावावर तो क्वचित असतो. आराखड्यात महिलांचा सहभाग ४० टक्के असा आकडा अभिमानानं लिहिला होता, पण लाभार्थी म्हणून नाव यायची वेळ आली की नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. सहभाग बोलण्यात झाला, बजेटमध्ये नाही झाला, हे मी अशाच साध्या शब्दांत लिहिलं.

सगळीकडं निराशाच होती असं नाही, एक गाव असं होतं की तिथून निघताना पाय निघत नव्हता. तिथं तीन-चार तरुण पोरांनी, त्यात एक मुलगी कृषी डिप्लोमा झालेली, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगानं लिहून टाकलं होतं की यंदा वित्त आयोगाचे किती आले, बंधित किती, अबंधित किती, रोजगार हमीचं लेबर बजेट, म्हणजे वर्षात किती मजुरीचं काम धरलंय, ते काय आहे. शेतकऱ्यांनी ते वाचून मागण्या तशा वाटून घेतल्या. ओढ्याचं खोलीकरण रोजगार हमीला टाकलं, पाणंद मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद योजनेत टाकली, ती २०२१ च्या शेवटी आली होती आणि या पोरांनी शासन निर्णय डाउनलोड करून वाचला होता. ताडपत्र्यांसाठी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडं अर्ज केले. आणि बियाण्याच्या उगवणीला तर पैसाच लागला नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या होत्या, दुबार पेरणी करावी लागली होती, त्या गावातल्या बायांनी ते भोगलं होतं. तर कृषी सहायकानं त्यांना घरचं बियाणं ओल्या गोणपाटात १०० दाणे ओळीनं मांडून, गुंडाळून, रोज पाणी शिंपडून उगवण मोजायला शिकवलं. ७० च्या वर उगवले तर नेहमीच्या मापानं पेरा, कमी असतील तर बियाणं वाढवा किंवा बदला. एका काकूंनी मला २०२१ आणि २०२२ ची वही दाखवली, नातवाच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर, कुणाचं बियाणं, किती उगवलं, सगळं लिहून. नियोजन म्हणून मी आजवर पाहिलेल्या कागदांत तो कागद मी वर ठेवीन.

त्या गावात वेगळं काय होतं याचा खूप विचार केला. प्रकल्पाचा खर्च सगळ्या गावांत सारखाच, ट्रेनिंगं तीच, फिल्डवरचा माणूस पण तोच. फरक एवढाच दिसला की तिथं मागणी सांगायच्या आधी पैशाची माहिती लोकांना मिळाली होती, आणि मागणीच्या मागं फिरणारी गावातलीच माणसं होती, ती संगणक परिचालकाच्या शेजारी जाऊन बसली होती. आठ गावांतल्या एकावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही, तसं मी लिहिलं पण, पण शिफारस मात्र त्यावरच केली.

ड्राफ्ट रिपोर्ट दिल्यावर संस्थेत मीटिंग झाली, ती अवघड गेली. सह्यांचा मुद्दा काढून टाका असा आग्रह झाला. पुढचं फंडिंग त्यावर अवलंबून होतं, दहा-बारा फिल्डवरच्या पोरांचे पगार त्यात, हे मला कळत होतं आणि त्या रात्री झोप आली नाही. पण त्या आजींचा अंगठा आठवत होता. मी म्हटलं काढणार नाही, पण कोरोना, निवडणुका, कोरमचा दबाव ही कारणं शेजारीच नीट लिहीन, आणि तुम्ही चार्ट जपून ठेवले म्हणूनच हा माग काढता आला हे पण लिहीन. दोन तास चर्चा झाली. शेवटी कोऑर्डिनेटर मुलगाच म्हणाला राहू द्या सर, खरं आहे ते. त्याला हे बोलायला काय लागलं असेल ते मला माहीत आहे.

मी एक गोष्ट स्वतःहून केली, टीओआरमध्ये नव्हती. मार्चमध्ये दोन दिवस काढून चार गावांत परत गेले आणि निष्कर्ष लोकांना वाचून दाखवले. लोकांकडून माहिती न्यायची आणि अहवाल मात्र भलत्यांनीच वाचायचा हे मला कधीच बरं वाटत नाही. पहिल्या गावात मी वाचलं की ११ पैकी दोन कामं पूर्ण, ओढ्याचं खोलीकरण आणि पाइप टाकून केलेली फरशी. मागं बसलेले एक तात्या उठले, म्हणाले, "फरशी व्हती. ऑक्टोबरच्या पावसात पाइपासकट गेली. तुम्ही आल्या तवा बघितली न्हाई का?" मी बघितली नव्हती. फोटो होता, बिल होतं, पूर्णत्वाचा दाखला होता, त्या बांधापर्यंत चालत मी गेले नव्हते. तिथंच तात्यांसोबत गेले, पाऊण तास चालत, ओढ्यात मोडका पाइप आडवा पडलेला होता आणि शेजारच्या रानाचा बांध पण खचला होता. रात्री बसून दोनचं एक केलं आणि बाकीच्या सात गावांतली 'पूर्ण' लिहिलेली सगळी कामं परत तपासायला माझ्या सहकाऱ्याला पाठवलं, अजून दोन ठिकाणी दुरुस्ती निघाली.

परत निघताना नवीन सरपंचबाईंनी ती ११ मागण्यांची यादी मागितली. मी माझी प्रतच दिली. त्यांनी ग्रामसेवकांना विचारलं की पुरवणी आराखड्यात काही घालता येतं का, ते म्हणाले १ मेच्या ग्रामसभेत ठराव घेऊन बघू. मे संपता संपता त्या डिप्लोमावाल्या मुलीनं, ती आता शेजारची गावं पण बघते, मला व्हॉट्सॲपवर त्या ठरावाचा फोटो पाठवला. विषय क्रमांक सात, गायरानात चारा लागवडीसाठी जागा आखून देणे, रोजगार हमीतून. सूचक म्हणून नाव होतं मंदिरासमोर 'वाट आमची हाय' म्हणणाऱ्या त्या बाईचं, आणि नावापुढं अंगठा नव्हता, सही होती.